पाठमोऱ्या बाई

४ फेब्रुवारी

आत्या,

आधी नमस्कार घे, मग रागव. तुला न विचारता मी तुझं कार्टून केलंय.

म्हणजे अगदीच न विचारता नाही. मागे कॅमेरा घेऊन तुझ्या वर्गात येऊन बसले होते, तेव्हा "ऑफिसचं काम आहे" एवढं म्हणाले होते. ते काम हे. आमची कंपनी मुलांसाठी गणिताचे धडे तयार करते, घरी टॅबवर शिकायचे. कुणाच्या घराजवळ शाळा नसते, कुणी आजारी असतं, कुणाला वर्गात कळलेलं नसतं, अशांसाठी. शिकवायला खऱ्या माणसाऐवजी चित्रातल्या चालत्याबोलत्या बाई. त्या बाई घडवायचं काम माझ्याकडे आलं. साहेब म्हणाले, गोड, तरुण, हसरी काहीतरी काढ. मी बरेच दिवस गोड, तरुण, हसरी काढत बसले आणि प्रत्येक वेळी ती साबणाच्या जाहिरातीतून पळून आलेली वाटायची. शेवटी वैतागून तुझा तपकिरी स्वेटर काढला. स्वेटरच्या मागोमाग तू आलीस.

सगळं आहे तिच्यात. नाकावरून घसरणारा चष्मा, खिशातले खडूचे तुकडे, कोपरावरचं ठिगळ, आणि ते तुझं "हं, मग पुढे?" आवाज तेवढा दुसऱ्या एका नाटकवाल्या बाईंचा घेतलाय. ऑफिसात तिला सगळे "बाई"च म्हणतात. काल ती पडद्यावर आली तेव्हा साहेबांनी टेबलावरचे पाय खाली घेतले, शप्पथ सांगते.

आतोबांच्या टॅबवर पहिला धडा पाठवलाय, अपूर्णांकांचा. बघ आणि खरं काय ते सांग. मी फोन केला होता, पण तू "पत्र लिही, पत्र" म्हणालीस आणि ठेवून दिलास. ही काय नवी तऱ्हा? पोस्टाचं तिकीट कुठे मिळतं हे मला चौकशी करून शोधावं लागलं.

तुझी भिंगरी

११ फेब्रुवारी

भिंगरे,

फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं, म्हणून पत्र. शिवाय तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच आहे. त्याला सवय हवी.

धडा पाहिला. आतोबा आणि मी दोघं खुर्च्या जवळ ओढून बसलो होतो. नाक मोठं काढलंयस. आरशापुढे जाऊन खात्री केली, राहू दे. ठिगळ दाखवायची काही गरज नव्हती, पण आतोबा म्हणाले, ठिगळ नसेल तर ती तू कसली. त्यांना फार कौतुक. दिवसातून कितीदा तरी धडा लावतात आणि मला ऐकवतात, "हिला बंद करायची सोय आहे, हे बरं झालं."

आवाज स्पष्ट आहे, असं आतोबा म्हणतात. खडू मात्र तिने पेन्सिलीसारखा धरलाय. असा धरला की खडू किंचाळतो. जरा आडवा हवा, अंगठा वर. सफरचंदाच्या फोडी सारख्या काढल्यास ते चांगलं केलंस. मोठी फोड कुणाला गेली हे मुलांना आधी दिसतं, गणित मागाहून.

इकडे सगळं ठीक आहे. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मला पुढच्या वर्षी वर्ग सोडून ग्रंथालय घ्या म्हणतायत. आराम पडेल म्हणे. मी म्हटलं, आराम काय, मेल्यावर आहेच. पुस्तकं मुळातच गप्प असतात, त्यांना बाई कशाला? निवृत्तीला वेळ आहे, तोवर मी आणि माझी पाचवी. हे दादाला सांगू नकोस. तुझा बाप उगाच काळजी करत बसतो.

आत्या

२ मार्च

आत्या,

बाई नापास झाल्या.

आम्ही काही मुलांना ऑफिसात बोलावून धडा दाखवला. शिकवत असतात तोवर मुलं छान बघतात, चष्मा घसरला की हसतात. पण बाईंनी प्रश्न विचारला की पळतात. कुणाला तहान लागते, कुणाला शू लागते, कुणी सरळ टॅब बंद करतं. साहेबांनी सांगून टाकलंय, एप्रिलच्या मध्यापर्यंत जमलं तर बरं, नाहीतर बाईंना रजा आणि त्यांच्या जागी खार. टोपी घालून नाचणारी खार, अपूर्णांक शिकवणार. ती काढायला दुसरा माणूस तयारच आहे. मी पुन्हा पडद्यावरची बटणं रंगवायला बसेन.

बटणांचं मला एवढं नाही गं. पण गणिताचा तास म्हटला की माझ्या पोटात दुखायचं, आणि तुझ्या वर्गात आल्यावर ते दुखायचं थांबलं. तुला हाकलून तिथे खार बसलेली मला बघवणार नाही.

एक गंमत सांगते. दोन वेण्यांची एक मुलगी होती, टॅब गुडघ्यांवर घेऊन बसलेली. बाईंनी प्रश्न विचारला की ती एका तळहाताने बाईंचा चेहरा झाकायची, दुसऱ्या हाताने गणित करायची आणि झालं की हात काढायची. मी विचारलं, असं का? तर म्हणाली, "त्या बघतात."

म्हणून मी तुझ्या वर्गाचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. प्रश्न विचारल्यावर तू समोर उभी राहतेस आणि मुलांच्या अगदी तोंडाकडे टक लावून बघतेस, हवालदार चोराकडे बघतो तशी. मी ते जसंच्या तसं उतरवलंय. पण मी तुझ्या वर्गात होते तेव्हा तू अशी बघायचीस? मला तर तुझी भीती वाटल्याचं आठवत नाही. वयाबरोबर कडक झालीस की काय?

तुझी भिंगरी

८ मार्च

भिंगरे,

मुलांकडे नाही बघायचं तर काय छतावरच्या कोळिष्टकांकडे बघायचं? आजवर इतक्या पोरांना शिकवलं, हवालदार कुणी म्हणालं नव्हतं. तेवढं घरच्या माणसाने म्हणायचं राहिलं होतं.

खार काढ. खारीला कुणी नावं ठेवणार नाही.

आतोबांचा आशीर्वाद.

आत्या

२० मार्च

आत्या,

हवालदार मागे घेते. कान पकडते. माझ्या जिभेला हाड नाही हे तुला माझ्या जन्मापासून माहीत आहे. बाबा म्हणाले, "आत्याला काहीतरी बोलून बसलीस ना?" त्यांना मी काही सांगितलेलं नाही, त्यांनी आपणच ओळखलं. तू रागावलीस याचं मला खरंच वाईट वाटतंय. पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही, तेवढं विचारू दे.

चित्रातल्या माणसाला पाठसुद्धा काढावी लागते. कुणी बघो न बघो, माणूस चहूबाजूंनी पुरा असावा लागतो, नाहीतर वळताना त्याला भोक पडतं. बाईंची पाठ मी शेवटाला ठेवली होती. रेकॉर्डिंगमध्ये तू एकदाही पाठ केलेली नाहीस, म्हणून म्हटलं, चालेल तशी काढू. काढायला बसले तर हात आपला आपण चालायला लागला. अंबाड्यातून सुटलेली बट. दोन खांद्यांच्या मधे ओढला गेलेला लोकरीचा धागा. कमरेशी खडूचा पांढरा पंजा, कारण तू हात मागे बांधून उभी राहायचीस. काढून झालं आणि मी बघत राहिले. आत्या, तुझ्या चेहऱ्यासाठी मला रेकॉर्डिंग लागलं, तुझी पाठ मला तोंडपाठ आहे.

मग आठवलं. तू प्रश्न विचारायचीस, "हं, मग पुढे?" म्हणायचीस आणि सरळ वळून फळा पुसायला लागायचीस. फळा स्वच्छ असला तरी. आम्ही खाली बोटं मोजायचो, खोडायचो, पुन्हा मांडायचो. कुणाचं झालं की मागूनच सांगायचं, आणि तू न वळता म्हणायचीस, "अजून कुणी?" चूक करायला आम्हाला जागा मिळावी, म्हणून तू पाठ करायचीस ना? त्या वेण्यांच्या मुलीला तेवढंच तर हवं होतं.

मग आता का वळत नाहीस? हे मी कामासाठी विचारत नाहीये.

तुझी भिंगरी

२९ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र मी वाचलं, आतोबांनी वाचलं, आणि मग ते म्हणाले, आता सांगून टाक, भाचीपासून काय लपवायचं.

आधी पाठीचं. मुलांना जागा मिळावी म्हणून मी वळायचे, असं तू लिहिलंस. वाचून बरं वाटलं, पण तसं काही नव्हतं. एवढं मानसशास्त्र मला येत असतं तर मीच मोठ्या बाई झाले असते. माझ्या तोंडावर उत्तर दिसतं, एवढीच भानगड. पत्त्यांत आतोबांनी मला आजवर जिंकू दिलेलं नाही. चांगलं पान आलं की माझ्या भुवया वर जातात म्हणे. वर्गातही तेच व्हायचं. उत्तर सहा असेल आणि मूल आठ म्हणायला निघालं की माझं तोंड पडायचं. मग ते माझ्याकडे बघत बघत सात म्हणायचं, मग सहा म्हणायचं. गणित बाजूलाच, वर्ग माझं तोंड सोडवत बसायचा. म्हणून मी फळ्याकडे वळायला लागले.

आता दुसरं. मला ऐकू येत नाही.

एकदम नाही झालं. आधी मागचे बाक गेले, मग मधले. आता पहिल्या बाकावरचंही ओठ पाहिल्याशिवाय कळत नाही. पाठ केली की उत्तर गेलं. म्हणून तोंडाकडे बघते. फोनवर ओठ दिसत नाहीत, म्हणून पत्र. तुझ्या बाईंचा आवाज कसा आहे, मला काही माहीत नाही.

मोठ्या बाईंना संशय आला असणार, त्याशिवाय ग्रंथालय निघालं नसतं. खरं सांगितलं तर वर्ग जाईल. वर्ग गेला तर सकाळी स्वेटर घालून मी जायचं कुठे? मला त्याचीच भीती वाटते.

सांगितलंच नसतं, पण मधे एक झालं. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने बरोबर उत्तर दिलं आणि मी चूक म्हटलं. तिच्या तोंडाशी पेन्सिल होती, मला ओठ दिसले नाहीत. ती गपकन खाली बसली. नंतर तिच्या शेजारणीने मला सांगितलं. मी तिची माफी मागितली, सगळ्या वर्गादेखत. ती "ठीक आहे, बाई" म्हणाली, पण त्यानंतर तिने हात वर केलेला नाही. मी रोज तिच्या हाताकडे बघते.

दादाला यातलं कळू देऊ नकोस. आणि तुझ्या त्या बाईचे कान चांगले आहेत ना? मग तिला वळू दे.

आत्या

१८ एप्रिल

आत्या,

वळल्या. आता सगळं क्रमाने सांगते, नाहीतर तू म्हणशील भिंगरी नेहमीसारखी गरगरली.

बाई प्रश्न विचारतात, "हं, मग पुढे?" म्हणतात आणि वळून स्वच्छ फळा पुसत राहतात. मूल "झालं" या चौकोनावर बोट ठेवेपर्यंत तोंड इकडे करत नाहीत. हे मी पाठवलं तर चुका शोधणाऱ्या विभागाने उलट टपाली कळवलं, "बाई भिंतीकडे तोंड करून अडकल्या आहेत, दुरुस्त करा." मी लिहिलं, अडकलेल्या नाहीत, वाट बघतायत. साहेब म्हणाले, "शिक्षिका मुलाकडे पाठ करते? आईबाप काय म्हणतील?" मी म्हटलं, एकदा मुलांना दाखवू या, मग तुमची खार आहेच.

तीच मुलं पुन्हा बोलावली. वेण्यांची मुलगी आली, गुडघ्यांवर टॅब घेतला. प्रश्न आला तशी तिने सवयीने हात उचलला. तो अर्ध्यातच राहिला, कारण झाकायला चेहराच नव्हता. जरा वेळ ती बाईंच्या पाठीकडे बघत बसली, मग दोन्ही हात गणिताला लावले. एकदा चुकलं, तिने पुसलं, पुन्हा केलं. बाकीची मुलंही बसून राहिली. तहान एकालाही लागली नाही. साहेब काचेपलीकडून बघत होते. मग खार काढणाऱ्याला "तूर्त राहू दे" म्हणाले. मी जागेवर येऊन थोडी रडले. आनंदाचंच होतं ते.

आता तुझं. एकटीने किती दिवस हे ओढलंस, आणि मी तुला हवालदार म्हटलं. तर ऐक, म्हणजे वाच. नाकावर भिंगं चालतात तर कानात यंत्र का चालू नये? तुझ्याकडे गाडीने यायला मला अर्धा दिवस पुरतो. शनिवारी येते आणि तुला कानाच्या डॉक्टरांकडे नेते. आतोबांना कळवून ठेवलंय, त्यामुळे पळायला वाट नाही.

आणि एक सांगू? पडद्यावरची मुलं उत्तर बोलत नाहीत, लिहितात. तुझ्याही मुलांना लिहू दे की. प्रत्येकाकडे एक छोटी पाटी. तू प्रश्न विचार, फळ्याकडे वळ, आणि वळून परत बघशील तेव्हा सगळ्यांच्या पाट्या वर. ओठ बघायचं कामच नाही. ती बाई मी तुझ्यावरून उचलली, आता तू तिच्यावरून एवढं उचल.

मोठ्या बाईंना तूच सांगायचं, बाबांनाही तूच. मी तोंड शिवून बसलेय, आणि मला ते किती जड जातं हे तुला ठाऊक आहे.

तुझी भिंगरी

२८ जून

भिंगरे,

तू येऊन मला फरफटत डॉक्टरांकडे नेलंस, त्यानंतरची हकीगत. यंत्र आलं. कानात घातलं आणि पहिला आवाज ऐकला तो आतोबांच्या चहाच्या भुरक्याचा. मी म्हटलं, हे आधी ठाऊक असतं तर बहिरीच राहिले असते. ते म्हणाले, "मग मी आता तुझ्याबद्दल काय बोलायचं ते बाहेर जाऊन बोलतो." यंत्राने सगळंच येतं असं नाही. वर्गात एकदम गलका झाला की सगळं एकात एक मिसळतं. पण एकेकाचं बोलणं कळतं.

दादाला सांगितलं. तो आधी रागावला, मग कानांची काळजी कशी घ्यावी याची कात्रणं पाठवायला लागला. मग मोठ्या बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला केव्हाच कळलं होतं, तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होते." मग पाट्यांचं सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, हे वर्ष असं करून बघू, पुढचं पुढे. वर्ग राहिला. माझी पाचवीची पोरंही सहावीत गेली तरी गणिताला माझ्याकडेच दिलीत.

ग्रंथालयातली पुस्तकं अजून बाईंवाचून गप्प बसली आहेत. त्यांचं काही अडलेलं दिसत नाही.

पाट्या यायच्या आधी एका दुपारी मी तुझा नवा धडा लावला. आतोबा झोपले होते. तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. बरा आहे, माझ्यापेक्षा गोड. तिने विचारलं, पाऊण सफरचंद तिघांत वाटलं तर एकेकाला किती? आणि वळली. उत्तर मला येतं, जन्म गेला माझा त्यात. तरी बोट लगेच पुढे गेलं नाही. भिंगरे, मी माझी पाठ कधी पाहिली नव्हती. तो ओढला गेलेला धागा, तो खडूचा पंजा. तिला घाई नव्हती. मी चुकले असते तरी तिने पाहिलं नसतं, आणि मला जमणार हे तिने धरूनच ठेवलं होतं. मला फार बरं वाटलं. मी आपली तोंड लपवायला वळायचे, पण तुम्हा पोरांना यातलं काय मिळत होतं ते मला त्या दुपारी कळलं. तुझं म्हणणं खरं होतं. हे पत्र जपून ठेव, असं मी पुन्हा लिहिणार नाही.

सोमवारी पाट्या आल्या. वर्ग नुसता फुरफुरत होता. मी प्रश्न विचारला, वळले आणि फळा पुसायला लागले. मागे पाट्यांवर खडू घासायला लागले. हा आवाज मी किती दिवसांनी ऐकला. पुसून झालं तरी मी पुसत राहिले, कारण वळायचा मलाच धीर होईना. मग वळले. सगळ्या पाट्या वर होत्या. पहिल्या बाकावरच्या, हात वर करणं सोडलेल्या त्या मुलीचीही होती. दोन्ही हात ताठ करून धरलेली, सगळ्यांत उंच.

उत्तर चूक होतं. माझं तोंड पडलं असणार, कारण तिने लगेच पाटी खाली घेतली. पण ती बसून राहिली नाही. तिने उत्तर पुसलं आणि माझ्याकडे बघून बोटाने हवेत एक गोल काढला. वळा, असं.

मी वळले.

आत्या